वारा पडला तेव्हा

मानवजातीचा ऊर्जेचा प्रश्न मंगळवारी सकाळी अकरा वाजता एका दिवाणखान्यात सुटणार होता. अकराला वारा पडला.

लेकीने बनवलेली पवनचक्की गच्चीवर होती. तिला जोडलेल्या दिव्यासमोर गुंतवणूकदार बसले होते.

"नुसती झुळूकही पुरते," लेक म्हणाली. दिवा ढिम्म. सत्तरीचे बाबा "चहाचं बघतो" म्हणून उठले.

थोड्या वेळाने दिवा लागला. खिडकीबाहेर पानही हलत नव्हतं. गुंतवणूकदार गच्चीवर गेले, तर बाबा घामाघूम होऊन हाताने पाती फिरवत होते.

"काका, हे काय?"

"हळू बोला हो. तिला कळेल."

गुंतवणूकदार खाली आले. "वर वारा चांगला आहे," ते लेकीला म्हणाले. "महिनाभर चाचणी घेऊ, मग सही."

संध्याकाळी बाबांनी खांद्याला चोळायच्या मलमाच्या चार ट्यूबा आणल्या.