मुंडेरवरचं नाव

"नाम बता दो बेटा, और जाकर क्लास करो," डायरेक्टर श्रीवास्तव पुन्हा म्हणाले. आवाज अगदी लखनवी, मऊ. पण दाराला कडी त्यांनी स्वतः उठून लावली होती.

अभय गजभियेने मान वर केली नाही. तिसऱ्या वर्षाचा हा पोरगा, पण त्याच्या 'मुंडेर'ने सगळ्या इंजिनियरिंग कॉलेजला याड लावलं होतं. मुंडेर म्हणजे गच्चीचा कठडा. इकडच्या मोहल्ल्यांत बायका त्यावर रेलून अख्ख्या गल्लीची खबरबात घेतात. अभयने तसाच कठडा ॲप म्हणून फोनमध्ये बांधला. लखनौच्या तेलीबागेतल्या घरी, जेवणाच्या टेबलावर दोन फोन शेजारी शेजारी ठेवून, एकावरचा निरोप दुसऱ्यावर पोचतो का ते बघत. आई करवादली, "ताटं काय डोक्यावर मांडू?" बाबांना मात्र कोण कौतुक!

दिवाळीपर्यंत सारं कॉलेज मुंडेरवर रेललं. आत फक्त विद्यार्थी, आणि नाव कुणाचंच नाही. पहिल्याच पानावर अभयने लिहून ठेवलं होतं: तुम्ही कोण आहात हे मलाही दिसत नाही.

लिहिलं तेव्हा ते खरं होतं. पुढे कुणी टारगट मुलींना धमक्या द्यायला लागला, तेव्हा त्याला पकडायला अभयने मागून एक दार पाडलं, ज्यातून खातं कुणाचं ते दिसे. वाक्य बदलायचं तेवढं राहून गेलं. हुशार पोरांचं असंच असतं, सगळं सुचतं आणि नेमकं एवढंच राहतं.

आता ते राहिलेलं वाक्य त्याच्या गळ्याशी आलं होतं. परवा मुंडेरवर मजकूर आला होता: एका विभागात तोंडी परीक्षेचे गुण आधी पेन्सिलीने लिहितात आणि मग आडनावं बघून शाईने. मजकुराला पाय फुटले. काल तो वर्तमानपत्रात छापून आला.

"लिखनेवाले का एक साल जाएगा," श्रीवास्तव म्हणाले. "और अंदर के किसी आदमी का हाथ निकला, तो उसकी नौकरी गई, पेंशन गई. छोड़ूँगा नहीं."

कोपऱ्यातल्या खुर्चीच्या कडेवर अभयचे बाबा बसले होते. दिनकर गजभिये, याच कॉलेजच्या परीक्षा विभागातले कारकून. भंडाऱ्याहून नोकरीसाठी इकडे आले ते इथलेच झाले. निवृत्ती तोंडावर आली होती. पोराची समजूत घालायला म्हणून त्यांना खालून बोलावून आणलं होतं.

"ज़रा अपनी भाषा में समझाइए, दिनकर बाबू."

बाबांनी घसा साफ केला. "अभय, तुला दिसतं का रे नाव?"

अभयने हळूच मान डोलावली.

बाबांच्या हातातला कप बशीवर वाजला. त्यांनी तो बाजूच्या टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मग सांगून टाक. ज्याचं आहे त्याचं सांग. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"नहीं, पापा."

घरात हे नेहमीचंच होतं. बाबा मराठीत विचारायचे, तो हिंदीत उत्तर द्यायचा. सकाळची बुद्धवंदना तेवढी सगळे एका सुरात म्हणत. पाच शीलांमधलं खोटं न बोलण्याचं शील तर बाबांच्या जिवाभावाचं. दारात नको असलेला पाहुणा उभा असला तरी 'बाबा घरी नाहीत' असं सांगायची मुलांना सोय नव्हती.

श्रीवास्तवांनी दाराच्या काचेकडे बोट केलं. बाहेर बाकावर मृणाल बसली होती, अभयच्या वर्गातली, इकडे बदलून आलेल्या एका मराठी बँक अधिकाऱ्याची मुलगी. तोंडीच्या गुणांवरून ती विभागप्रमुखांशी उघड भांडली होती. अभयने काचेतून बघताच तिने नजर वळवली.

"तू चुप रहेगा तो मैं समझूँगा उसी ने लिखा है. शाम तक घर भेज दूँगा."

नाव सांगावं तर एक माणूस आयुष्यातून उठणार. गप्प बसावं तर ही पोरगी जाणार. ज्या कठड्यावर त्याने सगळ्यांना बेधडक बोलायला बोलावलं, त्याच कठड्यावर आज त्याला बांधून घातलं होतं.

"सर, मैंने लिखा है," तो म्हणाला.

"अभय!" बाबा ताडकन उठले. कप कलंडला, चहा टेबलावर पसरला. "सर, लड़का झूठ बोल रहा है. वो मैंने लिखा है. मैंने!"

श्रीवास्तव मंद हसले. "दिनकर बाबू, उस पर तो सिर्फ़ बच्चे हैं. और आप? आप तो छुट्टी का मेसेज भी दूसरों से टाइप करवाते हैं." ते अभयकडे वळले. "सच बता. तेरे पिताजी ने लिखा?"

बाबा त्याच्याकडे बघत होते. लहानपणी पाढा चुकला की बघायचे तसे.

"नहीं सर," अभय म्हणाला. "पापा मुझे बचा रहे हैं."

श्रीवास्तवांचे डोळे पाणावले. ते उठून आले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाप हो तो ऐसा," म्हणाले, आणि अभयचं एक वर्ष कापलं. मुंडेर आजच्या आज बंद.

कडी निघाली. दाराआडून सगळं ऐकलेली मृणाल धावत आली. "तू का? खरं कोण होतं, मला तरी सांग!"

बाबांना पायऱ्या दिसत नव्हत्या, म्हणून अभयने त्यांचा दंड धरला. सकाळी तो मागच्या दाराने मुंडेरमध्ये शिरला, तेव्हा त्या मजकुराखाली कुठल्याच विद्यार्थ्याचं खातं निघालं नव्हतं. निघालं होतं ते पहिल्या दिवशी, चाचणीपुरतं, जेवणाच्या टेबलावर बाबांच्या फोनवर उघडलेलं, आणि पुसायचं राहून गेलेलं.