सात कप्प्यांची डबी

"मला काही कळेनासंच झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिसऱ्यांदा चष्मा पुसला.

टेबलावर सोनोग्राफीचे दोन रिपोर्ट शेजारी शेजारी पडले होते. एक सहा आठवड्यांपूर्वीचा, एक कालचा. गर्भाशयातली गाठ दोन्हींत तेवढीच. तसूभरही कमी झालेली नव्हती. लिव्हरचा रिपोर्ट मात्र चकाचक.

"ही गोळी हार्मोनवर काम करते. दहा-बारा दिवसांत अंगावरून रक्त जाणं आवरायला हवं होतं. तुमचं हिमोग्लोबिन तर उलट आणखी खाली गेलंय. गोळी रोज घेता ना, कोचबाई?"

"रोज. अगदी घड्याळ लावून," आई म्हणाली.

कोचबाई हे आईचं तलावावरचं नाव. ती लहान मुलांना पोहायला शिकवायची. म्हणजे, गेल्या वर्षापर्यंत. आता महिन्यातले पंधरा दिवस ती काठावर खुर्ची टाकून बसायची आणि नुसती शिट्टी फुंकायची. हल्ली तर शिट्टीनेही तिला धाप लागायची.

शेजारच्या स्टुलावर तिची पंधरा वर्षांची मुलगी बसली होती. घरात तिला सगळे भोंगा म्हणत. एकदा सुरू झाली की वीज गेल्याशिवाय थांबायची नाही, म्हणून. आज भोंगा बंद होता.

कारण त्या गोळ्या तिच्या कंपासपेटीत होत्या. बेचाळीसच्या बेचाळीस.

सगळं त्या कागदामुळे झालं. गोळ्यांच्या खोक्यातला, आठ घड्या घातलेला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा कागद. तिने तो भिंग लावून वाचला होता. 'क्वचित प्रसंगी यकृताला गंभीर इजा.' जीवशास्त्रात वर्गात पहिली आलेली ती. यकृत कशाशी खातात हे तिला कुणी सांगायला नको होतं. त्यात आत्याने तेल ओतलं. "हार्मोनच्या गोळ्या? विषाची परीक्षा कशाला घ्यायची गं वहिनी? माझ्या ओळखीतल्या एकीला मिशा आल्या."

"येऊ देत की. तलावावर वट वाढेल," आई म्हणाली होती. सगळे हसले. भोंगा हसला नाही.

आईची सात कप्प्यांची डबी दर रविवारी तीच भरायची. गोळ्या सुरू व्हायच्या त्या पहिल्या रविवारपासूनच ती खऱ्या काढून घ्यायची आणि कप्प्यांत कॅल्शियमच्या ठेवायची. त्याही पांढऱ्या, त्याही गोल. आपण आईचं लिव्हर वाचवलं, म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

आणि लिव्हर खरंच वाचलं होतं. मग आई अशी पांढरीफटक का पडत चालली होती? गोळी पोटात गेली तर वाईट. गेली नाही तरी वाईट. हे गणित तिने कुठल्याही बाजूने सोडवलं तरी उत्तर चुकतच होतं.

डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. "गाठ औषधाला दाद देत नाहीये. आता थांबण्यात अर्थ नाही. मी सर्जनना चिठ्ठी देते. गुरुवारी ॲडमिट व्हा. गर्भाशय काढावं लागेल."

आईने मान डोलावली. "पाण्यात परत कधी उतरता येईल?"

"दोन-तीन महिने तरी नावच काढू नका."

"लिहू नका!"

स्टूल धाडकन आडवं झालं. मुलगी उभी होती. "आईच्या पोटात ती गोळी गेलेलीच नाही. मी बदलली. डबीत कॅल्शियम ठेवलं. रोज. सहा आठवडे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "का?"

"कागदावर लिव्हरचं लिहिलं होतं."

"मग तो कागद घेऊन माझ्याकडे यायचं होतं, बाळा." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "लिव्हरचं मलाही माहीत आहे. म्हणून तर गोळी सुरू करायच्या आधी रक्त तपासलं आणि दर महिन्याला तपासते. जरा काही वाकडं दिसलं, की गोळी मीच बंद करणार. त्या धोक्यावर माझा डोळा होता. हा रोज रक्त जाण्याचा धोका तू वाढवून ठेवलास, त्यावर कुणाचा डोळा होता?"

मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

डॉक्टरीणबाईंनी अर्धवट लिहिलेली चिठ्ठी फाडून टाकली. "काढून ठेवलेल्या गोळ्या इथे आणून दे, त्या आता वापरायच्या नाहीत. उद्या पुन्हा सगळ्या तपासण्या करू, रक्त भरून यायला लोहाची सुई देऊ आणि मग गोळी नव्याने सुरू. तीन महिने. औषध हरलं, असं आता म्हणता येणार नाही. त्याने अजून बॅटच हातात घेतलेली नाही."

"माझ्यामुळे आईचे सहा आठवडे फुकट गेले," मुलगी हुंदके देत म्हणाली.

आई मान खाली घालून पर्सची चेन उघडझाक करत होती. रागावली असेल, असं दोघींना वाटलं. नव्या गोळीची चिठ्ठी लिहून झाली होती. ती घ्यायची, पर्समध्ये टाकायची आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं. विषय तिथेच मिटला असता. आईने चिठ्ठीकडे हात नेला आणि मागे घेतला. मग मुलीला जवळ ओढून तिचं डोकं पोटाशी धरलं.

"तिला काही बोलू नका, डॉक्टर. गोळी गिळायचा मला धीरच होत नव्हता. तिने खरी गोळी ठेवली असती, तरी ती रोजच्यासारखी बेसिनमध्येच गेली असती."