जुन्या हाकेला ओ

"जुनं फंक्शन मी उडवणार," आरती म्हणाली. "चुकीचं काम करतंय, कशाला सांभाळायचं?"

लातूरच्या एका कोचिंग क्लासची ही कॉम्प्युटरची खोली. परीक्षेच्या मशिनींसाठी क्लासनं आपली वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम बांधून घेतली होती आणि तिची सी लायब्ररी, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना लागणाऱ्या तयार फंक्शनांचा साठा, आरतीच्या हातात होती. प्रोग्रामनं नावानं हाक मारायची, लायब्ररीतल्या फंक्शननं काम करून द्यायचं, एवढा साधा मामला.

तिचे वरिष्ठ अंबरीश सर वैतागले. "मॅडम, नाव तेच ठेवा, पण जुन्या आणि तुमच्या नव्या, दोन्ही फंक्शनांना वेगवेगळा व्हर्जन नंबर द्या. नवे प्रोग्राम नव्याला जोडले जातील. जुने मात्र जुन्याच्या भरवशावर लिहिलेत. त्यांनी हाक मारली आणि कुणी ओच दिली नाही, तर जागीच बंद पडतील."

"पडू द्या."

आरतीचा हट्ट म्हणजे हट्ट. त्यात आज तिचं डोकं आधीच तापलेलं. भूकंपात गेलेल्या थोरल्या बहिणीचं नाव तिला जन्मतःच चिकटवलं होतं. मेलेल्या पोरीचं नाव घेऊन किती दिवस फिरायचं? तिनं ठरवूनच टाकलं होतं, आता मनस्विनी. घरातसुद्धा.

दुपारी आई गावाहून डबा घेऊन आली, तेव्हा तिनं सरळ सांगितलं. "यापुढं आरती म्हणून हाक मारली, तर मी ओ देणार नाही. कुणालाच."

सिंधुबाई डबा उघडता उघडता थांबल्या. "बदल की नाव. माझी ना न्हाई. पर तुझ्या बापाचं काय करू?"

"त्यांचं काय?"

"भूकंपानंतर रोज उठून पडलेल्या घरापुढं जायचे. आरती, ए आरती, म्हणून हाका मारायचे. लोक म्हणले, हा माणूस हातचा गेला. तू झालीस, तरी जायचं थांबंना. मग एकदा तुला कडेवर घेऊन मी मागं गेले. तू नुकती बोलायला लागली होतीस. त्यांनी हाक मारली आन् तू ओ दिलीस. त्या दिसापासून ते तिकडं गेले न्हाईत."

आरतीनं डबा तसाच ठेवला. ती उठली, अंबरीश सरांकडे गेली.

"सर, जुनंही राहू द्या. नवं मी त्याच्या शेजारी बसवते."

नाव ती बदलणारच होती, त्यात मागं हटणं नव्हतं. संध्याकाळी गावाहून वडिलांचा फोन आला.

"आरती?"

ही हाक कुणाला आहे, ते आता तिला ठाऊक होतं.

"ओ, बाबा."