दुसरी फेरी

सरावाच्या जेट विमानात शिकाऊ वैमानिक पुढे बसायचा आणि मास्तर मागे. मागून ते एकच धडा घोकून घ्यायचे, "पहिली फेरी नुसती बघायला. घाई केलीस तर याद राख! बॉम्ब टाकायचा तो दुसऱ्या फेरीत." हाताखालून गेलेला एकही पोरगा हे विसरला नाही, याचा मास्तरांना निवृत्तीनंतरही केवढा अभिमान!

मग देशात आपसातच जुंपली. आज तसलंच एक विमान त्यांच्या गल्लीवरून इतकं खालून गेलं, की फडताळातली भांडी खणखणली. आवाज लांब गेला, तशी टेबलाखालून नातीने मान बाहेर काढली.

"आजोबा, गेलं ना ते?"

"गेलं गं राणी," मास्तर म्हणाले आणि तिला पुन्हा आत ओढून त्यांनी तिचे दोन्ही कान घट्ट झाकले.