धरणीमायेची परवानगी

पोतोसी शहरातून आलेला साहेब गवतात रांगत रांगत फुलं शोधत होता. बोटाच्या पेराएवढं निवडुंग आणि त्यावर त्याच्याहून मोठं केशरी फूल! ही रोपं शहरातल्या हौशी लोकांच्या खिडक्यांत फार शोभतात म्हणे. त्या शोभेपायी शेजारचे डोंगर केव्हाच बोडके झाले होते. आता फुलं उरली होती ती फोर्तुनाता जिथे लामा चारायची, त्या एकाच चढावर. साहेबाने खोकं खाली ठेवून खुरपं काढलं, तशी ती दारूची बाटली घेऊन लगबगीने पुढे आली.

"थांबा पाहुणे! धरणीमायेला न विचारताच उपटता? रोपागणिक एक पेला तिला ओतायचा, एक आपण प्यायचा. नाही म्हणालात तर तिचा अपमान होतो."

"एवढंच ना?" साहेब हसला. "ओता मग!"

दारू उसाची, कडक होती आणि हवा विरळ. खोकं अर्धंही भरलं नाही, तोच साहेबाचं धरणीमायेवर इतकं प्रेम जडलं की तिला मिठी मारून तो तिथेच घोरू लागला.

फोर्तुनाता खोक्यातली रोपं पुन्हा मातीत बसवू लागली. तेवढ्यात तिची नणंद युलालिया लामा हाकत आली आणि साहेबाकडे आणि रिकाम्या बाटलीकडे बघतच राहिली.

"वहिनी, आपण तर अख्ख्या डोंगराला मिळून एकच पेला ओततो ना?"

"ते आपलं घरच्यांचं झालं, वन्सं. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला तेवढ्यावरच बोळवायचं का?"