आणखी कुठली औषधं

“श्वास गालांत साठव लेकरा, ज्योत मोडू देऊ नकोस,” वडील सांगायचे. त्याच तालावर सोनाराने जन्मभर फुंकणीने दागिन्यांचे सांधे जोडले. आता दोन फुंकरींतच धाप लागायची, ज्योत भरकटायची. धाकटा भाऊ चिडवायचा, “दादा, दे इकडे फुंकणी. माझ्या तोंडाला काय विष लागलंय?” थोरला ती मुठीत घट्ट धरायचा. शेवटी धाकट्याने त्याला छातीच्या डॉक्टरबाईंकडे ओढत नेलं. “श्वासनळ्या कायमच्या आखडल्यात. हा पंप लिहून देते. आणखी कुठली औषधं चालू?” “काही नाही.” “नीट आठवा. काही गोळ्यांसोबत हा पंप बाधतो.” थोरला भावाला म्हणाला, “तू जरा बाहेर बस.” “आणि तुला धाप लागली तर उचलणार कोण?” धाकट्याने खुर्ची आणखी जवळ ओढली. थोरला डॉक्टरबाईंकडे वळला. “एचआयव्हीच्या गोळ्या घेतो, बाई. कितीतरी वर्षं. यालाही आत्ताच कळतंय.”