गालिच्याची काळी किनार

डरहॅमची आमची कोळशाची खाण बंद पडून तीस वर्षं झाली. आता तिथे कलादालन आहे. पुढच्या प्रदर्शनासाठी मी खाणीत उतरायच्या पिंजऱ्याच्या गंजलेल्या दारात आईचा चिंध्यांचा गालिचा बसवणार होते. मी एकोणीस वर्षांची असताना तिने तो हिवाळाभर बसून केला, तेव्हापासून तो आम्हा दोघींच्या शेगडीपुढेच आहे.

दारापेक्षा तो चार बोटं रुंद भरला, म्हणून मी काळी किनार उसवायला घेतली.

“किनारीला हात लावू नकोस, नोरीन,” आई खुर्चीतून म्हणाली. “दुसरं दार बघ.”

“दारं काय बाजारात मिळतात, आई?”

एका चिंधीत जुनी शिवण होती. ती उलगडली, तर आत काळा रंग पोचलाच नव्हता. कापड हिरवंगार होतं.

तो माझा कोट होता. लंडनला नर्सिंग शिकायला निघायच्या आदल्या दिवशी तो दाराजवळच्या खुंटीवरून चोरीला गेला होता, खिशातल्या तिकिटासकट. “पुढच्या वर्षी जा,” म्हणून आईनेच तेव्हा माझे डोळे पुसले होते.

मी ती चिंधी तिच्यापुढे धरली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि परत माझ्या हातात ठेवली.



“पण पाय गरम राहिले ना तुझे, इतकी वर्षं?”